वाचकांचे प्रश्न : भाजलेल्या चहाचा तांदळाचा पाव

मागील अंकात या सदरात ‘होजिचा’ या जपानी भाजलेल्या चहाची चव असलेल्या, तांदळाच्या पिठीच्या छोट्या पावांची ओळख अवघ्या दहा ओळींत करून दिली होती. त्यावर नाशिक शहरातून आणि जिल्ह्यातून आलेली पत्रे वाचल्यावर लक्षात आले की, त्या दहा ओळींत कृती होती, पण कारणे नव्हती. आणि कारण न कळता केलेला पदार्थ पहिल्या फेरीत हमखास बिघडतो. उत्तरांकडे वळण्यापूर्वी ते प्रमाण पुन्हा देते. टॅपिओका स्टार्च (साबुदाणा ज्या कंदापासून करतात, त्याचाच स्टार्च) १०० ग्रॅम, चिकट तांदळाची पिठी ५० ग्रॅम, भाजलेल्या हिरव्या चहाची वस्त्रगाळ पूड ६ ग्रॅम, साखर २५ ग्रॅम आणि पाव चमचा मीठ एकत्र करावे. ८० मिलिलिटर दूध आणि ३५ ग्रॅम लोणी एकत्र खळखळून उकळावे, लगेच पिठावर ओतावे, ढवळून झाकून ठेवावे. मिश्रण कोमट झाल्यावर एक फेटलेले अंडे चमच्या-चमच्याने घालत मळावे, लिंबाएवढे गोळे करावेत आणि आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये १८० अंश सेल्सिअसवर २५ ते ३० मिनिटे भाजावेत. यात यीस्ट नाही, बेकिंग पावडरही नाही; गोळ्यातल्या पाण्याची वाफ आणि ती धरून ठेवणारा ताणला जाणारा स्टार्च, एवढ्यावर हा पाव फुगतो.

प्रश्न : मी दुकानातून आणलेली तयार मोदकाची पिठी वापरली. टॅपिओका स्टार्च मिळाला नाही म्हणून साबुदाणा मिक्सरमधून काढला. पाव फुगले नाहीत, वरून टणक झाले आणि आतून भुसभुशीत राहिले. आपण लिहिले होते तशी लवचीकता कुठेच आली नाही. चूक पिठीची की माझी? (गंगापूर रोड, नाशिक)

उत्तर : चूक प्रामुख्याने तांदळाची आहे आणि काही प्रमाणात साबुदाण्याची, आपला हात दोषी नाही. सर्व तांदूळ स्टार्चचेच बनलेले असले, तरी त्या स्टार्चमध्ये अमायलोज आणि अमायलोपेक्टिन असे दोन घटक असतात. मोकळा शिजणाऱ्या तांदळात अमायलोज बरेच असते आणि ते शिजून थंड झाले की घट्ट होते. म्हणून कोलमचा सकाळचा भात संध्याकाळी फोडणीला उत्तम असतो. नेहमीच्या भाताच्या तांदळांत अमायलोजचे प्रमाण साधारणतः १५ ते ३० टक्के असते, तर जपानमध्ये मोची करण्यासाठी वापरतात त्या चिकट तांदळात ते जवळजवळ नसते, फार तर २ टक्के. त्यामुळे तो शिजला की दाणा दाण्यापासून सुटत नाही आणि कुटला की एकसंध, ताणला जाणारा गोळा होतो. जपानी लोक या पोताला ‘मोचीमोची’ म्हणतात. मराठीत त्याला नेमका शब्द नाही, ही एक गंमतच आहे. ‘चिवट’ म्हटले की आपल्याला शिळी पुरी आठवते आणि ‘लुसलुशीत’ म्हटले की ताणाचा भाव निघून जातो. मी ‘लवचीक’ म्हणते, तो नाइलाजाने.

मोदकाची तयार पिठी बहुधा सुवासिक तांदळाच्या कणीपासून केलेली असते. तिला वास छान येतो आणि वाफवलेल्या पारीला ती पुरते, कारण मोदक आपण गरम असताना, तुपाची धार सोडून खातो. ओव्हनच्या कोरड्या आचेत तीच पिठी भुसभुशीत होते. पिठी विकत आणली असेल आणि पुड्यावर तांदळाचे नाव नसेल, तर एक सोपी परीक्षा आहे. दोन चमचे पिठीत दोन चमचे उकळते पाणी घाला, वाटी झाकून पाच मिनिटे ठेवा, मग पाण्याच्या हाताने मळून सुपारीएवढी गोळी करा आणि दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळूहळू ताणा. कोलमची गोळी लगेच चिरते. इंद्रायणीची बोटाच्या पेराइतकी लांबते आणि मग तुटते. चिकट तांदळाची गोळी मधे बारीक होत जाते, पण सुटत नाही, आणि सोडली की थोडी मागेही येते. जी गोळी ताणली जात नाही, तिचा पाव फुगणार नाही, कारण आतल्या वाफेला धरून ठेवणारे तिच्यात काहीच नसते.

आता नाशिकमध्ये काय वापरावे? जपानी पिठ्यांची नावे वाचकांना गोंधळात टाकतात, म्हणून थोडक्यात सांगते. ‘मोचिको’ आणि ‘शिरातामाको’ या दोन्ही चिकट तांदळाच्या पिठ्या आहेत. ‘जोशिन्को’ मात्र साध्या तांदळाची असते आणि या पावाला ती चालत नाही. शिरातामाको करताना भिजवलेला तांदूळ पाण्यासह दळतात आणि मग निथळून वाळवतात, त्यामुळे ती अधिक मऊ शिजते. यात नवल वाटण्यासारखे काही नाही. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, निथळून ओलसर असतानाच कुटणाऱ्या आपल्या आज्यांनी हेच तत्त्व दुसऱ्या पदार्थासाठी वापरले होते. आपल्याच देशातला चिकट तांदूळ हवा असेल, तर आसाममध्ये ‘पिठा’ नावाचे तांदळाचे पदार्थ करण्यासाठी वापरतात तो बोरा तांदूळ मागवता येतो. मणिपूरचा काळा चाखाओही चिकट जातीचा आहे, परंतु त्याचा जांभळट रंग भाजलेल्या चहाचा तपकिरी रंग गिळून टाकतो.

हे काहीच जमले नाही, तर इगतपुरी-घोटीकडचा नवा इंद्रायणी घ्यावा. आंबेमोहराच्या संकरातून आलेले हे वाण खऱ्या अर्थाने चिकट तांदळात मोडत नाही, पण त्याचा भात मऊ आणि थोडा धरून राहणारा होतो, आणि दिवाळीनंतर बाजारात येणारा नवा तांदूळ जुन्यापेक्षा अधिक चिकट शिजतो, हे घोटीच्या कोणत्याही भातगिरणीवर कुणीही सांगेल. जुना तांदूळ पुलावासाठी ठेवावा. इंद्रायणी धुऊन, रात्रभर भिजवून, निथळून, पंचावर सावलीत तासभर पसरावा आणि हाताला किंचित ओल लागत असतानाच मिक्सरमध्ये वाटून चाळून घ्यावा. ही ओली पिठी ५० ऐवजी ६० ग्रॅम घ्यावी आणि दूध १० मिलिलिटर कमी करावे. पाव चिकट तांदळाइतका ताणला जाणार नाही, परंतु भुसभुशीतही होणार नाही.

साबुदाण्याविषयी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. टॅपिओका स्टार्च आणि साबुदाणा दोन्ही एकाच कंदाचे असले, तरी साबुदाणा करताना त्याला उष्णता दिलेली असते आणि त्याचा काही भाग आधीच शिजलेला असतो. म्हणून त्याची पूड कच्च्या स्टार्चपेक्षा जास्त पाणी ओढते. आपण तेच ८० मिलिलिटर दूध वापरले असणार, त्यामुळे गोळा कोरडा पडला. साबुदाण्याचेच पीठ वापरायचे असेल, तर ते मैद्याच्या चाळणीतून चाळावे, दूध ११० मिलिलिटरपर्यंत वाढवावे आणि उकड झाकून अर्धा तास मुरू द्यावी. खिचडी ढवळताना साबुदाणा पारदर्शक होऊन झाऱ्याला चिकटू लागतो, तो क्षण आठवा. खिचडीत तो आपल्याला नको असतो, इथे तोच हवा आहे.

प्रश्न : होजिचाची पूड फार महाग पडते आणि छोट्याशा पाकिटात येते. घरातील नेहमीची चहा पावडर भाजून चालेल का? आणि लहान मुलांना हा पाव द्यावा का? (सिडको, नाशिक)

उत्तर : नेहमीची चहा पावडर चालणार नाही, आणि ती न चालण्याचे कारण किमतीत नाही. आपण रोज उकळतो तो दाणेदार चहा तयार होतानाच पूर्ण काळवंडलेला असतो. त्याची चव उकळत्या पाण्यात उतरावी, दुधाला पुरून उरावी, यासाठीच तो केलेला असतो. तो दळून पिठात घातला, तर पाव कडू, तुरट आणि जिभेला रवाळ लागतो. मी एकदा हट्टाने करून पाहिले आणि तो घाणा गच्चीवरच्या कावळ्यांनाही फारसा आवडला नाही.

होजिचा मुळात हिरवा चहा आहे. १९२० च्या दशकात क्योटोमध्ये त्याची सुरुवात झाली. वरच्या प्रतीची कोवळी पाने बाजूला काढल्यावर उरणारी जून पाने आणि देठ चांगले भाजून विकले जाऊ लागले. सुमारे २०० अंशांच्या आचेत पानातला हिरवा, गवती वास जातो, तुरटपणा कमी होतो, आणि शेंगदाणे किंवा कॉफीचे बी भाजताना येतो त्या जातीचा खमंग वास तयार होतो. हे सगळे घरच्या कढईत करता येते. कोणताही वास न घातलेला, साधा, मोठ्या पानांचा हिरवा चहा घ्यावा; लिंबू, पुदिना, मोगरा घातलेला नको, आणि पिशव्यांमधला भुगाही नको, कारण तो पाने तापेपर्यंत जळून जातो.

३० ग्रॅम पाने जाड बुडाच्या कोरड्या कढईत घालावीत. तिच्यात यापूर्वी फोडणी झालेली नसावी, एवढी काळजी घ्यावी, नाहीतर पावाला हिंगाचा वास येतो. आच भाजणीची, म्हणजे मंद, आणि हात सतत चालता. पहिली दोन मिनिटे ओल्या गवतासारखा वास येतो. मग पाने हलकी होऊन कढईत सळसळू लागतात आणि देठ पानांच्या आधी तांबूस होतात. चौथ्या-पाचव्या मिनिटाला वास एकदम पालटतो. गोड, खरपूस वास स्वयंपाकघरातून बाहेर जातो आणि शेजारून विचारणा होते. पानांचा रंग या वेळी दालचिनीसारखा असावा. धुराची पहिली रेघ दिसताच पाने लगेच परातीत ओतावीत, कारण गॅस बंद केला तरी कढई भाजत राहते. गोड्या मसाल्याचे दगडफूल ज्यांनी भाजले आहे, त्यांना हा अर्ध्या मिनिटाचा फरक वेगळा सांगायला नको. पूर्ण गार झाल्यावर मिक्सरच्या छोट्या भांड्यात थांबून थांबून दळावे आणि मलमलच्या फडक्यातून गाळावे. फडक्यावर उरलेला चाळ फेकू नये. तो दुधात उकळून प्यावा.

ही पूड कोरड्या पिठात मिसळण्यापेक्षा उकळत्या दूध-लोण्यात घालून फेटून घेतली, तर गुठळ्या होत नाहीत आणि लोण्यात वास चांगला उतरतो. मूळ कृतीत मी ती पिठात घालायला सांगितली होती. ही सुधारणा एका वाचक भगिनीच्या पत्रातून मिळाली आणि करून पाहिल्यावर मी ती कायमची स्वीकारली आहे. १५० ग्रॅम पिठाला ६ ग्रॅम हे प्रमाण मात्र वाढवू नये. चव वाढत नाही, कडवटपणा वाढतो.

मुलांविषयी : भाजण्याने कॅफिन थोडे कमी होते, नाहीसे होत नाही, आणि इथे आपण अर्क न पिता सबंध पानच खातो. दहा-बारा पावांत ६ ग्रॅम पूड असल्याने एका पावात अर्ध्या ग्रॅमच्या आसपास येते. शाळकरी मुलाने दुपारी एखादा खाल्ला तर हरकत नाही. अगदी लहान मुलांसाठी बिनचहाचे चार गोळे वेगळे काढावेत.

प्रश्न : माझ्या भाच्याला सीलिएक आजार आहे आणि गहू पूर्ण वर्ज्य आहे. ‘ग्लुटिनस राइस’ असे पुड्यावर लिहिलेले पाहून भीती वाटली. हा पाव त्याला चालेल का? (नाशिकरोड)

उत्तर : नावाने घाबरू नये. इंग्रजीतील त्या विशेषणाचा अर्थ इथे केवळ ‘चिकट’ असा आहे. चिकट तांदळात ग्लुटेन, म्हणजे गव्हातले ते प्रथिन, नसते, तसे ते कोणत्याच तांदळात नसते, आणि टॅपिओकातही नसते. भीती बाळगायची ती पिठाच्या गिरणीची. आपल्याआधी कुणाचे तरी गहू दळले गेलेले असतात आणि गिरणीवाले भाऊ कितीही चांगले असले, तरी जात्याच्या फटींत अडकलेला आटा आपल्या पिठीत उतरतोच. ज्याला गहू केवळ जड जातो, त्याचे एवढ्याने काही बिघडत नाही, पण सीलिएकच्या रुग्णाला एवढासा अंशही त्रास देतो. म्हणून पिठी घरीच मिक्सरमध्ये करावी, आणि घरघंटीत पूर्वी गहू दळला असेल तर तीही टाळावी. चाळणी, पोळपाट आणि ओव्हनचा ट्रे यांचाही विचार करावा. कणकेची चाळणी कितीही धुतली तरी तिच्या जाळीत पीठ राहते. टॅपिओका स्टार्च घेताना पुड्यावर ‘ग्लुटेन-मुक्त’ असा उल्लेख पाहूनच घ्यावा. भाच्याच्या डॉक्टरांना एकदा विचारून मगच ताटात वाढावे, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी.

प्रश्न : आमच्या गल्लीतल्या बेकरीत दिवाळीला आम्ही नानकटाईचे ट्रे भाजायला देतो. त्याच भट्टीत हा पाव भाजता येईल का? आणि छोट्या गोळ्यांऐवजी कापता येईल असा मोठा पाव करायचा झाल्यास काय करावे? (जुने नाशिक)

उत्तर : भट्टीत येईल, पण वेळ निवडावी लागेल. मिसळीच्या पावासाठी भट्टी फार तापलेली असते आणि त्या आचेत हे गोळे बाहेरून करपून आत कच्चे राहतील. पावाचे घाणे निघाल्यावर उतरत्या आचेत नानकटाई जाते, ती वेळ योग्य. गोळे घरून तयार करून, ओल्या फडक्याखाली झाकून न्यावेत आणि पहिली वीस मिनिटे भट्टीचे दार उघडू नये अशी विनंती करावी. दार उघडले की आतली वाफ बसते आणि फुगलेले गोळे डोळ्यांदेखत सुरकुततात.

मोठ्या पावासाठी मात्र गव्हाची मदत लागते, कारण केवळ तांदळाचा एवढा मोठा गोळा आपल्याच वजनाने मधोमध खचतो. २०० ग्रॅम मैदा आणि ५० ग्रॅम चिकट तांदळाची पिठी हे प्रमाण मला सर्वांत भरवशाचे वाटते. पिठी याहून वाढवून पाहिल्यास पाव ठेंगणा आणि गिच्च होऊ लागतो. खरी गोम अशी की ती ५० ग्रॅम पिठी कोरडी घालायचीच नाही. तिच्यावर ६० मिलिलिटर उकळते पाणी ओतून, लाटण्याच्या टोकाने ढवळून, झाकण ठेवून तिची उकड करावी आणि ती पूर्ण गार करावी. जपानी बेकर गव्हाच्या पिठाची अशीच उकड काढतात आणि तिला ‘युदाने’ म्हणतात; शिजलेला स्टार्च कच्च्यापेक्षा कितीतरी अधिक पाणी धरून ठेवतो आणि तो ओलावा भाजल्यानंतरही पावात राहतो. मोदकाची उकड तेल-पाण्याच्या हाताने मळणाऱ्या घरात ही युक्ती कुणाला शिकवावी लागू नये, पण पाव म्हटले की आपण कृतीच्या कागदाकडे बघतो आणि हाताला येते ते विसरतो.

या गार उकडीत मैदा, ३ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, २० ग्रॅम साखर, ४ ग्रॅम मीठ आणि ८ ग्रॅम चहाची पूड घालून सुमारे १०० मिलिलिटर कोमट दुधात सैलसर मळावे. गोळा जमल्यावर २० ग्रॅम लोणी घालून आणखी दहा मिनिटे मळावे. चहाची पूड पाणी सावकाश ओढते, म्हणून गोळा सुरुवातीला किंचित चिकटला तरी मैदा शिंपडू नये. दहा मिनिटे झाकून ठेवला की तो आपोआप हाताला सुटतो. दुप्पट फुगल्यावर दाबून, वळून साच्यात ठेवावा, पुन्हा काठापर्यंत येऊ द्यावा आणि १८० अंशांवर अर्धा तास भाजावा. मूळ रंगच तपकिरी असल्यामुळे वरच्या रंगावरून भाजणी ओळखता येत नाही; पाव साच्यातून काढून तळाशी टिचकी मारावी, पोकळ आवाज आला की झाला. नंतर किमान एक तास सुरी लावू नये. गरम असताना स्टार्च अजून बसलेला नसतो, सुरीला लगदा चिकटतो आणि लोकांना वाटते पाव कच्चाच राहिला.

प्रश्न : डिसेंबरात यीस्टचे कोणतेच पीठ फुगत नाही. (निफाड)

उत्तर : निफाडला पारा पाच अंशांखाली उतरतो, तिथे यीस्टने तरी काय करावे! बंद, न तापवलेल्या ओव्हनमध्ये पिठाचे भांडे ठेवून शेजारी कढत पाण्याचे पातेले ठेवा, पाणी निवले की बदला. दोन तास लागतील. मे महिन्यात हेच काम पाऊण तासात होते, म्हणून घड्याळाऐवजी पिठाच्या आकाराकडे पाहावे.

प्रश्न : अंडे न घालता आणि साखरेऐवजी गूळ घालून करता येईल का? मी गूळ दुधात घातला आणि दूध फाटले. (इंदिरानगर, नाशिक)

उत्तर : गूळ उकळत्या दुधात घातला की दूध फाटण्याची शक्यता असतेच. ३० ग्रॅम गूळ ८० मिलिलिटर पाण्यात विरघळवून, गाळून, त्याच पाण्यात लोणी उकळावे आणि दूध वगळावे. भाजलेल्या चहाशी गुळाची खरपूस चव साखरेपेक्षा चांगली जमते, हे माझे प्रामाणिक मत आहे. फक्त काळा, खारट गूळ टाळावा. अंड्याऐवजी तीन चमचे घट्ट दही आणि चिमूटभर खाण्याचा सोडा वापरता येतो. पाव कमी फुगेल आणि आतून पोकळ न होता भरीव, थोडा आप्प्यासारखा होईल, पण लवचीकता अंड्यावर अवलंबून नसल्याने ती राहील.

प्रश्न : उरलेले पाव फ्रिजमध्ये ठेवले, तर दुसऱ्या दिवशी दगड झाले. किती दिवस टिकतात? (देवळाली कॅम्प)

उत्तर : फ्रिजनेच त्यांना दगड केले. शिजलेला स्टार्च गार होताना पुन्हा आवळत जातो आणि पाणी सोडतो, आणि शून्याच्या थोड्या वरच्या, म्हणजे नेमक्या फ्रिजच्या तापमानात हे सर्वांत वेगाने घडते. फ्रिजमधला भात कडक होतो तो याच कारणाने. छोटे पाव भाजल्या दिवशीच खावेत. उरणार असे वाटले, तर पूर्ण गार होताच डब्यात घट्ट बंद करून फ्रीझरमध्ये टाकावेत, तिथे ते पंधरा दिवस नीट राहतात. बाहेर काढल्यावर वितळण्याची वाट न पाहता मोदकपात्रात चार-पाच मिनिटे वाफवावेत आणि कुरकुरीत पापुद्रा हवा असल्यास नंतर तव्यावर झाकण न ठेवता उलटसुलट करावेत. आपले दगड झालेले पावही टाकून देऊ नका; वाफेवर ठेवा, आतला स्टार्च पुन्हा मऊ होतो. ते लगेच खावे लागतील, एवढेच.